चाळिसावी सोंगटी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावातल्या एका पाइप कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये मी नोकरीला होतो आणि उरलेल्या वेळात लढाया करायचो. लढाया कागदावरच्या. मोठ्या शीटवर सहा कोनांची घरं आखायची, त्यांवर नद्या, टेकड्या, रस्ते काढायचे, पुठ्ठ्याच्या सोंगट्यांना पलटणी म्हणायचं, फासे टाकायचे आणि जगात जे एकदा घडून गेलं ते आपल्या मनासारखं घडवून बघायचं. नट-बोल्ट काढायचा जो प्लास्टिकचा टेम्प्लेट असतो त्यातलं नटाचं भोक या घरांसाठी अगदी बेतशीर होतं. साहेब जेवायला गेले की मी अमोनियाच्या मशीनवर नकाशाच्या दोन प्रती काढून घ्यायचो. बायकोला त्या वासावरून कळायचं, आज पुन्हा कुठलं तरी गाव जिंकायचंय.

हे खूळ मला लावलं धुळ्याच्या एका मित्रानं. तो तिथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. परदेशातल्या मेव्हण्यानं त्याला अशा खेळाचा एक खोका पाठवला होता, त्याची झेरॉक्स काढून आम्ही दोघं शिकलो. एरवी खेळ पोस्टकार्डावर चालायचा. ‘सी बारावरून डी तेरा, फासा चार’ असं मी लिहायचो आणि आठवड्यानं त्याचं उत्तर यायचं. आमच्या गल्लीतल्या पोस्टमनला हा आकड्यांचा धंदा वाटत होता. एकदा त्यानं सायकल भिंतीला टेकवून हळूच विचारलंही, “भाऊ, आज काय लागनं?” मी त्याला लढाई समजावून सांगितली. त्याचा विश्वास बसला नाही. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप पोस्टानं लढाई करतो यापेक्षा तो सट्टा खेळतो हे त्याला पटण्यासारखं होतं, आणि आता वाटतं, त्याचं काही चुकत नव्हतं.

आमच्यासारख्या वेड्यांसाठी दक्षिणेतल्या एका शहरातून इंग्रजीत एक चक्रमुद्रित पत्रिका निघायची. तिच्या एका अंकात आवाहन आलं: दुसऱ्या महायुद्धातली युद्धकैद्यांची छावणी सोडवण्याचा डाव रचून पाठवा, निवडक डाव छापू. मी वाचलं आणि उठून उभाच राहिलो. माझे वडील अशाच छावणीत दोन वर्षं होते.

नाना, म्हणजे माझे वडील, मूळचे धुळ्याकडचे. खंदक खणणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या पलटणीत भरती झाले, वाळवंटात पकडले गेले, तिथून बोटीनं इटलीत आणि मग फ्रान्समधल्या एका छावणीत. परत आल्यावर लष्करी कोट घालून ते गावच्या विहिरीवर गेले, तर पाणी त्यांच्या ओंजळीत वरूनच ओतलं गेलं. त्या आठवड्यात त्यांनी गाव सोडलं, जळगावला आले आणि एका ग्रंथालयात पुस्तकं बांधायला लागले. पुढे समाजाबरोबर त्यांनीही दीक्षा घेतली. हे सगळं मला आईनं सांगितलेलं. नानांनी स्वतः मला काही म्हणजे काही सांगितलं नाही. शाळेत असताना मी विचारायचो, किती गोऱ्यांना मारलं? ते म्हणायचे, अभ्यास कर. कॉलेजात विचारायचो, छावणीत काय खायला द्यायचे? ते म्हणायचे, जेवून घे. पुढे मी विचारणं सोडलं आणि मनात अढी धरली. दुसऱ्यांचे बाप नुसते भुसावळला जाऊन आले तरी आठवडाभर ओट्यावर बसून सांगत, आणि माझा बाप समुद्रापार कैदेत राहून आला तरी त्याच्या तोंडाला कुलूप. मला त्याचा राग होता, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. त्या डावाच्या निमित्तानं हे कुलूप उघडेल आणि बाप एकदाचा माझ्याशी बोलेल, असं मी धरून चाललो होतो. छापून येणं हे त्याच्यावरचं तूप.

पण सरळ विचारलं नाही. नुसता कोरा षटकोनी पट त्यांच्यासमोर पसरला आणि पुस्तकांवरून अंदाजानं काढलेली छावणी दाखवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नानांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि माझी पेन्सिल मागून घेतली. फाटक पुसून दुसऱ्या बाजूला काढलं. पाण्याचा नळ मी विसरलो होतो, तो काढला. मागची भिंत आणि त्यांची बराक यांत मी चार घरांचं अंतर ठेवलं होतं, ते खोडून त्यांनी बराक भिंतीला चिकटवून काढली. पेन्सिल परत देताना तिचं टोक करून दिलं.

“एका बराकीत किती माणसं होती, नाना?”

“चाळीस.”

“आणि तुम्हाला सोडवायला कोण आलं?”

“कोनी उनं नही,” ते म्हणाले. मी शहरी मराठीत बोलायचो, ते शेवटपर्यंत त्यांच्या अहिराणीत. “भित पडनी, आम्ही निंघी उनूत.”

भिंत पडली, आम्ही निघून आलो. एवढंच. जुनी असेल, पावसानं पडली असेल, असं मी समजलो. खरं सांगायचं तर माझा विरसच झाला. पडक्या भिंतीतून बाहेर पडलेल्या माणसांवर डाव कसा रचायचा? डावाला दोन बाजू लागतात, सोडवणारे लागतात, तोफा लागतात. मी म्हटलं, ठीक आहे, इतिहासात कुणी आलं नसेल तर आपण पाठवू. आणि दोन तोफा, तीन ट्रक, साठ सैनिक अशी एक तुकडी पटाच्या पश्चिम कडेला आणून उभी केली.

बराकीतली चाळीस माणसं म्हणजे चाळीस सोंगट्या, एक सोंगटी एक माणूस. कापायचं काम नानांनी आपणहून घेतलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण बांधणीचा सुरा त्यांनी सांभाळून ठेवला होता. पंधरा दिवस ते दुपारी खिडकीपाशी बसून पुठ्ठ्याचे नखाएवढे चौकोन कापत होते, कडांना खळ लावून दाबून ठेवत होते. सोंगट्या कापायला एवढा वेळ लागत नाही. आई म्हणाली, पहिल्यांदा बापलेक एका कामाला लागलेत. मलाही बरं वाटत होतं, नाही कशाला म्हणू.

सोंगट्यांचा बिस्किटाचा डबा हातात आला तेव्हा मी त्या मोजल्या. एकोणचाळीस भरल्या.

“नाना, एक कमी आहे.”

ते सुरा फडक्यात गुंडाळायला लागले. मी खाटेखाली शोधली, केरात शोधली आणि मग चिडलो. चाळीस सांगितल्या होत्या, रविवारी धुळ्याला जायचंय, एवढं साधं काम, वगैरे. सत्तरीला टेकलेल्या माणसाला मी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावरून बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी मीच ब्लेडनं एक वेडीवाकडी सोंगटी कापली आणि चाळीस पूर्ण केल्या.

नियम मी महिनाभर घासत होतो. दहा फेऱ्यांचा डाव. जितके कैदी पटाबाहेर सुखरूप निघतील त्यांचे प्रत्येकी दोन गुण सोडवणाऱ्यांना, जितके शेवटी आत राहतील त्यांचे प्रत्येकी दोन गुण पहारेकऱ्यांना. मेलेल्या कैद्याची सोंगटी उचलून डब्याच्या झाकणात टाकायची, तिचे गुण कुणालाच नाहीत. हे मला फार सुटसुटीत वाटलं होतं. वहीत त्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली होती.

रविवारी सकाळी मी धुळ्याला निघालो, तर नाना पांढरा शर्ट घालून, टोपी घेऊन दारात उभे. म्हणाले, मीबी येस. ते स्वतःहून धुळ्याकडे कधी जात नसत, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं. गर्वही वाटला. बाप आपला डाव बघायला येतोय.

मित्रानं जेवणाचं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. त्यानं नानांना खुर्ची दिली, चहा दिला, पाया पडला. मग आम्ही बसलो. तो सोडवणारा, मी पहारेकरी. फाटकावर मी दोन मशिनगनी लावल्या होत्या. म्हटलं, आता कसा येतो बघू. त्यानं नियमांचा कागद शांतपणे दोनदा वाचला, शिक्षक तो, आणि हसला. ट्रक हलवलेच नाहीत. दोन्ही तोफा फाटकाला वळसा घालून मागच्या बाजूला नेल्या आणि तिसऱ्या फेरीत बराकीला चिकटलेल्या भिंतीवर मारा सुरू केला.

“अरे, आत कैदी आहेत,” मी म्हटलं.

“असू देत की. मेलेल्यांचे गुण कुठे जातात माझे? फाटकावरून गेलो तर माझी माणसं मरतील. इथून नुसती भिंत पडेल.”

फासे त्याच्या बाजूनं पडत गेले. एकेक सोंगटी उचलून तो बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात टाकत होता. दोन फेऱ्यांत सतरा. मग भिंत पडली आणि उरलेल्यांतले वीस त्या भगदाडातून निघून पटाबाहेर गेले. तीन आत राहिले. चाळीस विरुद्ध सहा. मित्रानं टाळी दिली. म्हणाला, “उंटावरच्या शहाण्या, तुझ्या डावाला भोक आहे!” मीही हसलो. भोक सापडल्याचं मला वाईट वाटलं होतं, पण त्याच्या हुशारीचं कौतुकही होतं.

नाना खुर्ची पुढे ओढून झाकणावर वाकले होते. आतली एकेक सोंगटी उचलत, उलटी करत, बघत आणि टेबलावर ठेवत. कापणीत काही खोट राहिलीय का बघत असतील, असं मला वाटलं. बाइंडरची खोड. सतराही सोंगट्या बघून झाल्यावर त्यांनी मित्राकडे पाहिलं.

“हाई तुमले कोनी सांगं?”

“कोणी नाही, नाना,” मित्र म्हणाला. “नियमातच आहे.”

परतीच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. नाना खिडकीशी बसले. मी वहीत आकडे मांडत होतो. भोक बुजवायचं होतं.

“इमानं आपलाज व्हतात,” ते एकदम म्हणाले.

मी वर पाहिलं.

विमानं आपलीच होती. ते खिडकीबाहेर बघत सांगत होते. दिवसाढवळ्या आली. आवाजावरून कळलं की आपली आहेत, म्हणून सगळे बराकीबाहेर आले. “बठ्ठा खुश व्हयनूत. हात हालाडाले लागनूत.” पहिला बॉम्ब सैपाकघरावर पडला, दुसरा भिंतीवर. “भित पडनी तवय निम्मी बराक खाल व्हती. आम्ही त्यास्ना आंगवरतीन निंघनूत.” भिंतीखाली गेलेल्यांच्या अंगावरून. मग चालत चालत, दिवसा झाडीत लपून, शेजारच्या तटस्थ देशाची सरहद्द ओलांडली. कुणी म्हणालं बॉम्ब चुकून पडले, कुणी म्हणालं शेजारच्या स्टेशनावर टाकायचे होते.

मी ऐकत होतो. पण डोक्यात दुसरं चाक फिरत होतं आणि ते थांबत नव्हतं. मला वाटत होतं, हे तर मित्रानं आज केलं तसंच! म्हणजे डाव वास्तवाला धरून आहे. विमानं घेता येतील. मग भिंतीला ताकद किती द्यायची?

“एक जन व्हता,” नाना म्हणाले. “आपला पांझराकाठना. मना जोडेज झोपे. त्याना हात...”

“नाना, भिंत किती जाड होती?”

हे मी विचारलं. ज्या माणसाच्या तोंडून एक वाक्य निघावं म्हणून मी वीस वर्षं रुसून बसलो होतो, तो बोलायला लागला तेव्हा मी हे विचारलं. पेन्सिल उघडी होती माझ्या हातात.

ते माझ्याकडे वळले. माझ्या वहीकडे त्यांनी बघितलं.

“दीड फूट,” ते म्हणाले.

मी लिहून घेतलं. पारोळ्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, “मरेलस्ना कितला गुन?”

“काही नाही. शून्य.”

“वजा कर.”

“कुणाचे?”

“दोन्हीस्ना. एक मरना का दोन्हीस्ना वजा.”

मी मनातल्या मनात हिशोब केला. पुस्तकी शहाणपण काय असतं ते माझ्याकडून शिकावं. मी त्यांना समजावून सांगितलं की तसं केलं तर मेलेले वाढले की दोन्ही बाजू शून्याखाली जातात, डाव बरोबरीतही सुटत नाही. “मग कोणीच जिंकणार नाही, नाना.”

“मंग?” ते म्हणाले.

या ‘मंग’वर मी व्याख्यान दिलं. खेळ तोलात असावा लागतो, दोघांनाही आशा हवी, नाही तर कुणी खेळणारच नाही. एरंडोल आलं तरी माझं घोडं दामटणं चालूच होतं. ते खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले होते. झोप लागली असं समजून मी थांबलो. झोप लागली नव्हती.

भोक मी एका ओळीत बुजवलं: छावणीपासून तीन घरांच्या आत तोफांचा मारा करता येणार नाही. मेलेल्यांची ओळ होती तशीच ठेवली. डाव पाठवला, निवडला गेला, चार महिन्यांनी छापून आला. संपादकानं खाली लिहिलं होतं की दोन्ही बाजूंचा तोल उत्तम साधला आहे. मी तो अंक कारखान्यात दाखवला, मित्राला दुसरा अंक मागवायला सांगितला आणि घरी येऊन नानांच्या हातात दिला. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण जन्मभर पुस्तकं हाताळलेला माणूस, त्यांनी पानं उलटून गुणांचा तक्ता बरोबर काढला. बोट एकेक ओळ खाली आलं आणि थांबलं.

“शून्यज?”

“शून्यच. पण आता ते मरतच नाहीत, नाना. मी तसा नियमच केलाय.”

नाना हसले. त्यांचं हसणं मला मोजकंच आठवतं, त्यात हे एक आहे आणि हे मला नको आहे.

“बरं करं,” म्हणाले आणि अंक मिटून माझ्या हातात दिला. त्यानंतर त्यांनी सुरा हातात घेतला नाही. मी पट पसरला की ते उठून ओट्यावर जाऊन बसत. मी पुन्हा विचारलंही नाही. थोडा रागच आला होता, एवढं छापून आलं तर बापानं दोन शब्द बरे बोलू नयेत?

दोन वर्षांनी उन्हाळ्यात नाना गेले. आईच्या नावावर पेन्शन करायची होती म्हणून मी त्यांचं पेन्शनचं पुस्तक काढलं. त्याला त्यांनी स्वतः कापडी पुठ्ठ्याची बांधणी केली होती, आतल्या बाजूला कागदपत्रं ठेवायला खिसा. खिशात हात घातला तर तळाशी काहीतरी टणक लागलं. नखाएवढा चौकोन. खळ लावून दाबलेल्या कडा, सुरेख काटकोन. उलटा करून बघितला. मागे पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, एका माणसाचं नाव आणि पांझरा नदीकाठच्या एका गावाचं नाव.

मी माळ्यावरून डबा काढला. सोंगट्या ओतल्या आणि उलट्या करत गेलो. प्रत्येकीमागे नाव. शिखांची नावं, गोरख्यांची, मुसलमानांची, मद्रासकडची, काही अर्धीच, पुढे प्रश्नचिन्ह. एकीवर नानांचं स्वतःचं नाव. हा डाव मी वर्षभरात निदान दहा वेळा खेळून पाहिला होता. तितक्या वेळा मी त्यांना बोटानं ढकललं होतं, काही वेळा झाकणात टाकलं होतं आणि एकदाही सोंगटी उलटी केली नव्हती. मागे कोरी होती ती एकच, मी ब्लेडनं कापलेली.

म्हणजे त्या पांझरेकाठच्या माणसाला त्यांनी पटावर येऊच दिलं नाही. आणि मी केरात शोधत होतो आणि त्यांना बोलत होतो.

आईला विचारलं. ती म्हणाली, त्या गावाहून कोणीतरी बाई, बहीण असेल, आमच्या, म्हणजे तिच्या नि नानांच्या, लग्नानंतर एकदा विचारायला आली होती. नानांनी तिला तापानं गेला म्हणून सांगितलं, झोपेत गेला, त्रास झाला नाही. ती गेल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. यापलीकडे आईलाही माहीत नव्हतं.

त्या दिवाळीनंतर मी एकटा त्या गावाला गेलो. धुळ्याहून एसटी बदलून फाट्यावर उतरलो. सोंगटी खिशात होती. फाट्यावर चहाची टपरी होती, तिथल्या म्हाताऱ्यानं ते नाव ऐकल्याबरोबर मान हलवली. हो, त्यांचं घर आहे. बहीण आहे अजून, थकलीय, पण कान चांगले आहेत. “भावानं कोनी सांगाले उनं तर भलती खुश व्हई ती. चला, मी दखाडस.”

मी उठलो नाही. ती विचारणार, कसा होता, काय बोलायचा, शेवटी कोण होतं त्याच्याजवळ. नानांनी त्या एसटीत ते सगळं सांगायला सुरुवात केली होती, त्याच्या हातापर्यंत आले होते. माझ्याजवळ त्यातलं काही नव्हतं. भिंत दीड फूट जाड होती, एवढंच मला माहीत होतं.

म्हाताऱ्याला म्हटलं, नंतर येईन, आणि धुळ्याकडे जाणारी पहिली गाडी पकडली.